बाद्यान, उंडी आणि विषाणू

मालवणी मसाल्यात पडणारं बाद्यान पाहिलंय ना? आठ कप्प्यांची चांदणी, प्रत्येक कप्प्यात एक गुळगुळीत तपकिरी बी. फ्लूवरच्या टॅमीफ्लूला लागणारं शिकिमिक आम्ल याच्यातूनच काढत. २००५मध्ये बर्ड फ्लूची धास्ती पसरली, औषधाचे साठे करायला सरकारांची झुंबड उडाली आणि बाद्यानाचा तुटवडा पडला! पुढे हेच आम्ल जिवाणूंकडूनही करून घेऊ लागले. २००९मध्ये स्वाइन फ्लूने पुणं हादरलं, तेव्हा रुग्णांना दिलेल्या गोळ्या याच. मात्र बाद्यानाच्या काढ्याने फ्लू जात नाही बरं का; त्या आम्लावर बरीच रासायनिक प्रक्रिया झाली की मगच औषध बनतं. शिवाय जपानी बाद्यान दिसायला हुबेहूब तसंच, पण विषारी. शिकिमिक आम्ल १८८५मध्ये पहिल्यांदा सापडलं ते या विषारी भावंडातच!

ग्रीन टी तर घरोघरी. तिच्या अर्काच्या मलमाला अमेरिकेत २००६मध्ये मान्यता मिळाली, विषाणूमुळे गुप्तांगावर येणाऱ्या चामखिळींसाठी.

मलेशियातल्या सारावाकची गोष्ट मात्र चटका लावते. १९८७मध्ये तिथल्या जंगलातून एका झाडाच्या फांद्या-पानांचा नमुना अमेरिकेत गेला. त्यातलं कॅलानोलाइड-ए प्रयोगशाळेत एचआयव्हीला रोखताना दिसलं. आणखी माल आणायला माणसं परत गेली, तर झाड तोडलेलं! त्याच जातीच्या इतर झाडांत ते द्रव्य जवळपास नाहीच. अखेर सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांनी तारलं. औषध अजून बाजारात आलेलं नाही, तरी जंगलतोडीवर बोलताना मला हेच झाड आधी आठवतं. कोकण किनाऱ्यावरची आपली उंडी त्याची सख्खी नातलग. उंडीचं तेल दिव्यात जळलं, दुखऱ्या सांध्यांना चोळलं गेलं. तिच्यातल्या काही द्रव्यांनीही प्रयोगशाळेत एचआयव्हीला अटकाव केलाय. तेव्हा किनाऱ्यावरची उंडी जपाच.

आता भुईआवळी. कावीळ म्हटली की गावोगाव हिचाच रस. हेपटायटिस-बीचा विषाणू शोधणारे नोबेल विजेते बरुच ब्लूमबर्गही हिच्या अभ्यासात उतरले. १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या चाचणीत ३७पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. केवढी आशा! पण नंतर इतर ठिकाणच्या चाचण्यांत तो गुण आला नाही. म्हणून कावीळ झाली की आधी रक्त तपासा.

सामोआ बेटावरच्या वैदूबायका मामाला झाडाच्या सालीचा काढा काविळीवर देत. संशोधक पॉल कॉक्स यांनी तो त्यांच्याकडून समजून घेतला. त्यातलं प्रोस्ट्रॅटिन शरीरात दडून बसलेल्या एचआयव्हीला जागं करतं, म्हणजे त्याला लपायला जागा उरत नाही. अजून ते प्रयोगाच्याच टप्प्यावर आहे. पण २००४मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने सामोआ सरकारशी करार केला: या झाडाच्या जनुकांतून पैसा आला, तर निम्मा सामोआचा.