जाळे थांबवायचे कधी?

सप्टेंबर सरत आला की आपल्या गावागावांत एकच विषय निघतो, पैसेवारीचा. ३० सप्टेंबरला नजरअंदाज पैसेवारी, ३१ ऑक्टोबरला सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावरून सरपंचापासून कास्तकारापर्यंत सारे हमरीतुमरीवर येतात. भांडण काही असो, त्यामागचा विचार साधा आहे. जूनमध्ये धुऱ्यावर उभे राहून पीक किती येईल हे कोणालाच सांगता येत नाही. पाऊस कसा झाला, पऱ्हाटीला बोंडे किती धरली, सोयाबीनच्या शेंगा भरल्या की पोचट राहिल्या, हे पाहून मधेच अंदाज दुरुस्त करावा लागतो.

अशीच नजरअंदाज आणि सुधारित पैसेवारी माशांचीही निघते, असे सांगितले तर वाचक हसतील. पण जगात काही ठिकाणी ती खरोखर निघते, आणि तिच्यावर हजारो घरांची चूल अवलंबून असते. बाभुळगाव समुद्रापासून दूर, तरी हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर मातीचे मोठे धरण झाले. कोणाची वावरे त्याखाली गेली, कोणाच्या वावरात कालव्याचे पाणी आले. जिथे इतके पाणी साठते तिथे मासा येतोच, आणि मासा आला की प्रश्नही येतो : किती काढायचा आणि कुठे थांबायचे?

भरलेले जाळे फसवते

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर काय होते, ते कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटाने पाहिले आहे. तिथल्या समुद्रात कॉड नावाचा मासा शेकडो वर्षे इतका मुबलक होता, की त्याच्यावरच गावे वसली. पुढे मोठी यांत्रिक जहाजे आली. मग वर्षाला किती टन मासा धरायचा, याची मर्यादा सरकार हंगामाआधी ठरवू लागले. १९९२ सालासाठी ती १ लाख ८५ हजार टन ठरली होती. फेब्रुवारीत ती मधेच १ लाख २० हजारांवर आणली. तेवढ्यानेही भागले नाही, आणि २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारीच बंद करण्यात आली. सुमारे तीस हजार लोकांचे काम एका दिवसात गेले. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती. ती उठून मर्यादित व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. तीस वर्षांत एक पिढी गाव सोडून गेली.

सरकारला आधी कळले नाही का? संशोधकांच्या बोटी मासा कमी होत असल्याचे सांगत होत्या. पण मोठ्या जहाजांची जाळी अजून भरून येत होती. जाळी भरतात तर मासा कमी कसा, असे साहजिकच वाटले. खरी गोष्ट अशी होती की उरलेला मासा पांगून न राहता थोड्या जागेत गोळा झाला होता, आणि जहाजांना ती जागा यंत्राने बरोबर सापडत होती.

आपल्याला हे समजायला समुद्रावर जायला नको. एप्रिल-मे महिन्यात नदी आटली की सारा मासा डोहात गोळा होतो. अशा वेळी डोहात जाळे टाकले तर एका खेपेत टोपले भरते. टोपले भरले म्हणजे नदीत मासा पुष्कळ आहे, असे कोणी समजले तर त्याला काय म्हणावे?

मचाणावर बसून मोजणी

याच्या उलट उदाहरण अमेरिकेच्या अलास्का राज्यातले. तिथे ब्रिस्टल बे नावाच्या उपसागराला अनेक नद्या मिळतात. सॉकाय जातीचा सॅमन मासा या नद्यांच्या पाण्यात जन्मतो, एक-दोन वर्षे तळ्यात वाढतो, मग समुद्रात जातो. तिथे दोन-तीन वर्षे काढून बहुतेक आपल्याच नदीत परततो, अंडी घालतो आणि मरतो. ही परतीची झुंबड जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन-चार आठवडे असते. कोळ्यांची वर्षाची कमाई त्यातच व्हायची.

किती मासा येईल याचा अंदाज आधीच्या हिवाळ्यात निघतो. तो आपला नजरअंदाज समजा. पण तिथले खाते त्या आकड्यावर विसंबून राहत नाही. एक बोट दूर समुद्रात ठरलेल्या जागी रोज जाळे टाकून पाहते, म्हणजे झुंड किनाऱ्याला लागण्याच्या आठवडाभर आधी थोडी चाहूल लागते. मुख्य काम मात्र नद्यांवर चालते. कोळ्यांची जाळी नदीच्या मुखाशी असतात. त्यांच्या वरच्या अंगाला दोन्ही काठांवर मचाण बांधलेले असते, आपण ज्वारीची पाखरे राखायला माळा घालतो तसे. त्यावर बसलेला माणूस दर तासाला दहा मिनिटे, खालून वर जाणारे मासे एकेक करून मोजतो. रात्रंदिवस हे चालते. दहा मिनिटांच्या आकड्याला सहाने गुणले की तासाचा अंदाज मिळतो. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात वावराचा एक तुकडा कापून गावाचा उतारा काढतात, त्यातलाच हा प्रकार.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तिथे जाळ्यात सापडलेल्या माशाचा हिशेब ठेवतातच, पण त्याहून जास्त काळजीने मोजतात तो जाळ्यातून सुटलेला मासा. तोच पुढच्या पिकाचे बियाणे. क्विचॅक नावाच्या एका नदीत निदान वीस लाख मासे वर जाऊ द्यायचे, एक कोटीच्या पुढे मात्र नको, असे ठरलेले आहे. एक कोटीच्या पुढे का नको? दाट पेरा झाला की कपाशी नुसती उंच वाढते आणि बोंडे धरत नाही, तसेच तळ्यातल्या पिलांचेही होते.

मोजणी कमी भरली की खाते मासेमारी बंद ठेवते. भरपूर भरली की तास वाढवते. कोणत्या भागात किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत जाळी टाकायची, हे रेडिओवर सांगतात, आणि हुकूम दोन दिवसांतही बदलतो. कल्पना करा, कर्ज काढून घेतलेली बोट उभी आहे, पाण्यात मासा उड्या मारतो आहे, आणि रेडिओ सांगतो की आज बंद. माणूस चिडणारच. पण किती मासा वर गेला तो आकडा रोजच्या रोज सर्वांना कळतो. ज्याचे नुकसान होणार त्याला कारणही दिसते. माझ्या मते त्या पद्धतीचा अर्धा जीव या उघड्या आकड्यात आहे.

१९७३ साली या उपसागरात सॉकाय इतका कमी आला की पुरते दहा लाख मासेही धरता आले नाहीत. २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख मासे परतले. याचे सगळे श्रेय मोजणीला देणे बरोबर होणार नाही. समुद्राचे हवामानही त्या माशाला मानवले. पण चांगले वर्ष उजाडले तेव्हा नदीत बियाणे शिल्लक होते.

कोवळा मासा आणि आपले सोयाबीन

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची तऱ्हा वेगळी. तिथला मुख्य मासा अँकोव्हेटा, म्हणजे आपल्या बाजारात सुकी येणारी मांदेली तिच्याच कुळातला, बोटाएवढा. तो दळून त्याची भुकटी करतात आणि ती कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात जाते. १९७० साली पेरूने सव्वा कोटी टनांच्या आसपास हा मासा काढला. पुढे समुद्राचे पाणी तापले, मासेमारी मात्र जोरात चालूच राहिली, आणि १९७३ साली हाती वीस लाख टनही आले नाहीत. जगात भुकटी मिळेना, तेव्हा कोंबडीखाद्यासाठी सोयाबीनच्या ढेपेवर उड्या पडल्या. त्याच वर्षी अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यात रोखली. ब्राझीलमध्ये सोयाबीनचा पेरा वाढायला त्या टंचाईचाही हातभार लागला. आज यवतमाळच्या अडतीत सोयाबीनचा भाव बोलताना ब्राझीलच्या पिकाचे नाव निघते. त्या गोष्टीचे एक मूळ असे माशापाशी जाते!

आता पेरूत मासे मोजायला संशोधक बोटी आधी फिरतात आणि मग हंगामाची मर्यादा ठरते. हंगाम चालू असतानाही जाळ्यात काय येते ते पाहतात. बारा सेंटिमीटरपेक्षा लहान मासा कोवळा समजतात. तो शेकडा दहाच्या वर दिसू लागला, की समुद्राचा तेवढा पट्टा काही दिवस बंद करतात. २०२३ साली तर कोवळाच मासा फार दिसल्याने उत्तर-मध्य भागातला वर्षाचा पहिला हंगाम रद्द झाला. कारखाने आणि बोटी ताटकळल्या.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर टनांची मर्यादा नाही, आणि ती घालणे सोपेही नाही. एका जाळ्यात वीस जातींचा मासा येतो आणि तो असंख्य बंदरांवर उतरतो. म्हणून आपल्याकडे तारीख, जाळे आणि माप यांवर भर आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. पूर्वी ती १० जूनला सुरू होई आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर चाले. पर्ससीन या मोठ्या घेरजाळ्यांवर २०१६ साली बंधने आली. २०२३ साली ५४ जातींच्या माशांचे कमीत कमी माप राज्याने ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच इंचांहून लहान धरायचे नाही. बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला.

मापाचा नियम मला तारखेच्या नियमापेक्षा अधिक शहाणा वाटतो. तारीख म्हणजे पाऊस असो-नसो, मृगाला पेरायचेच असे झाले. माप मात्र जाळ्यात प्रत्यक्ष काय आले त्याकडे पाहायला लावते. अडचण एवढीच की हातभर पापलेट महाग आणि तळहाताएवढे स्वस्त, म्हणून गिऱ्हाईक लहानच मागते.

बेंबळ्याच्या पाण्यात

धरणातल्या माशाची गोष्ट आणखी निराळी. कटला, रोहू, मिरगल हे आपले मोठे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्याचे वाहते पाणी लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात टोचणी देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार करण्याचा मार्ग खुला झाला. आधी मत्स्यजिरे, मग बीज, मग बोटुकली. राज्यातल्या जलाशयांवर भोई, ढिवर, कहार बांधवांच्या सहकारी संस्था ठेका घेतात, बोटुकली विकत आणून सोडतात. म्हणजे पाण्यातला मासा हा त्यांचा पेरा आहे, आणि अर्ध्या पाव किलोची रोहू काढणे म्हणजे हिरवी तूर सोंगण्यासारखे.

रबीच्या पाण्याच्या पाळ्या जसजशा सुटतात तसतसे धरण आकसते. कमी पावसाच्या वर्षी तर मार्चपासूनच. मासा खोल भागात गोळा होतो, जाळी भरू लागतात, आणि नेमके तेव्हाच न्यूफाउंडलंडची चूक करण्याचा मोह होतो. इथे मचाण बांधून उपयोग नाही, पण दोन गोष्टी कोणालाही पाहता येतात. एक, धरणावरची पाण्याची पातळी. प्रत्येक पाळीनंतर ती किती उतरली, याच्याशी जाळ्यांची संख्या बांधता येते. दुसरी, काठावर ओतलेल्या ढिगातले शंभर मासे. त्यांत ठरलेल्या वजनाखालचे किती, हे मोजायला दहा मिनिटे लागतात. पेरूसारखे शेकडा दहाच्या वर निघाले तर बारीक आसाचे जाळे गुंडाळून मोठ्या आसाचे काढायचे. ही मोजणी संस्थेच्या सभासदांसमोर व्हावी आणि वहीत लिहिली जावी. नाहीतर जाळे कोणाचे थांबवले आणि कोणाचे चालू राहिले, यावरून भांडणे पेटतात.

ज्यांच्याकडे शेततळे आहे आणि त्यात मासे सोडले आहेत, त्यांनीही महिन्यातून एकदा फेकजाळे टाकून पंधरा-वीस मासे तोलावेत. वजन वाढत नसेल तर गर्दी झाली आहे किंवा कोंडा-ढेप कमी पडते आहे. मग किलोच्या आसपासचे मासे आधी काढून विकावेत. उरलेल्यांना जागा मिळते, आणि घरात मधेच चार पैसे येतात. उन्हाळ्यात पाणी कमरेच्या खाली जाऊ लागले तर मात्र वाट पाहू नये. ऑक्सिजन कमी पडून एका पहाटे सगळे तरंगलेले दिसतील.

राहिली पहिल्या पावसाची गोष्ट. जूनच्या अखेरीस ओढ्या-नाल्यांना पूर आला की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर जातात. नाल्याच्या अरुंद तोंडाशी सापळा लावून ते पकडण्याची हौस बहुतेक गावांत आहे, आणि त्या आठवड्यात बाजारात गाभोळीचे मासे स्वस्त होतात. घरी आणून चिरले की पोटातून वाटीभर गाभोळी निघते, पोरे ती तळून खायला टपलेली असतात. किलोभराच्या रोहूच्या पोटात लाख-दोन लाख अंडी असतात. हे मासे कोणत्या नाल्याने चढतात, किती दिवस चढतात आणि पूर्वी कुठे चढत असत, हे गावातल्या ढिवर-भोई घरांतल्या वृद्धांना पाठ असते. सापळा पहिल्याच पुराला लावायचा की आठ-पंधरा दिवस थांबून, हे यंदा त्यांना विचारून ठरवावे. मे महिन्यातच विचारलेले बरे, कारण पाऊस आला की सांगायला कोणाला उसंत नसते.