‘कंडम’ शक्तिमानची दुसरी नोकरी

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाटाच्या अलीकडे एका बाभळीखाली एक क्रेन उभी असते. पुढे निळा रंग, दारावर पिवळी वेलबुट्टी, कपाळावर देवाचे नाव. येणारा-जाणारा तिला जुना भंगार ट्रक समजून पुढे जातो. पण क्षणभर थांबून, जरा वाकून पुढच्या बंपरखाली पाहावे. दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा फुगीर गोळा दिसतो. साध्या ट्रकला असा गोळा फक्त मागे असतो. हिला पुढेही आहे, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो. दाराच्या कडेचा निळा पोपडा नखाने उचलला की खालून मिलिटरीचा हिरवा रंग डोकावतो. ही आपली शक्तिमान!

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ही गाडी सांगायला नको. आखूड, गोलसर नाकाची ही गाडी लष्कराच्या ताफ्यात एकामागे एक निघाली की रस्त्याकडेची पोरे मोजत बसायची. नगर म्हणजे रणगाड्यांचे गाव, त्यामुळे आमच्याकडे तर ती घरचीच.

शक्तिमान मूळची जर्मनीची. तिकडच्या ‘मान’ कंपनीशी करार करून १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ती बनू लागली. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. तोफखान्याच्या कारखान्यांनी ट्रक कशाला करायचे, अशी टीका झाली, पण पुढच्या लढायांत या गाड्यांनीच दारूगोळा आणि जवान वाहिले. १९६९ मध्ये जबलपूरलाच वाहनांचा वेगळा कारखाना उभा राहिला आणि काम तिकडे गेले. १९९६ च्या सुमारास उत्पादन थांबले. तिची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने आणि टाटाच्या गाड्यांनी घेतली.

लष्कराने मोडीत काढलेल्या गाडीला आपल्याकडे ‘कंडम’ म्हणतात. कंडम म्हणजे निकामी, असे कोणी समजू नये. दुरुस्तीचा खर्च लष्कराला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा गाड्या लिलावात निघत, व्यापारी लॉटच्या लॉट उचलत आणि त्यांच्याकडून एकेक गाडी गावोगाव पोहोचे. कोणी तिच्यावर पाण्याची टाकी बसवली, कोणी बोअरचे यंत्र, कोणी क्रेनचा खांब. चिखलात, ओढ्यात, मुरमाच्या चढावर जिथे साधा ट्रक हात टेकतो तिथे ही जायची. दुष्काळी टापूत टँकरला रस्ता नसलेल्या वस्त्या पुष्कळ. तिथल्या लोकांना या गाडीचे मोल विचारावे.

क्रेनचे मालक स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. नोकरीत शक्तिमानच चालवली, निवृत्तीनंतर तीच विकत घेतली. मी म्हटले, “फौजीसाहेब, डिझेल फार खात असेल?”

“खाती ना! पण कधी फसवलं न्हाई तिनं. ऊसाची भरलेली गाडी घाटात कलंडली की रात्री दोनला फोन येतो. तवा हीच जाती.”

तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची खुबी अशी की पिस्टनच्या डोक्यातच गोल वाटी आहे आणि तेल त्या वाटीत जळते. त्यामुळे डिझेल नसेल तर रॉकेलवर, वेळ पडली तर पेट्रोलवरही चालेल असे ते बनवलेले. लढाईत हातात येईल ते इंधन वापरता यावे हा त्यामागचा हेतू. खेड्यात त्याचा फायदा कोणी कसा उठवला असेल, ते सांगायची गरज नाही!

अशी गाडी ओळखायची कशी? पुढचा गोळा सांगितलाच. पुढच्या बंपरला ओढण्यासाठी दोन जाड आकडे असतात, आणि मागे तोफ किंवा ट्रेलर अडकवायचा खटक्याचा आकडा. मागच्या डिफ्रन्शियलवर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि वर एक छोटा दिवा दिसला तर खात्रीच धरावी. रात्री ताफा दिवे मालवून चालतो तेव्हा मागच्या ड्रायव्हरने त्या पांढऱ्या ठिपक्यामागे गाडी ठेवायची असते. लष्करी नंबराच्या सुरुवातीला वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे असतात. जुन्या रंगाखाली तो बाण कधी कधी उमटलेला सापडतो. हिरवा रंग मात्र वरून दिसणार नाही. लष्कराखेरीज कोणाच्याही गाडीला तो रंग द्यायला कायद्याने बंदी आहे. म्हणून तर ही निळी-पिवळी वेलबुट्टी. (छावणीच्या हद्दीत मात्र कॅमेरा काढू नका. हौस अंगाशी येईल.)

शक्तिमानच्याही आधीची पिढी आहे, ती दुसऱ्या महायुद्धातली. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेच्या कारखान्यांनी राष्ट्रकुलाच्या सैन्यासाठी लाखो ट्रक बनवले. स्टेअरिंग उजवीकडे, नाक चपटे, आणि पुढची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली. विमानातून काचेची चमक दिसू नये म्हणून ती तशी. युद्ध संपल्यावर यातल्या कितीतरी गाड्या हिंदुस्थानातच राहिल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. कर्नाटकात कोडगूकडे, केरळच्या डोंगरांत ओंडके ओढायला त्या कालपरवापर्यंत राबत होत्या. पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवलेले, केबिन लाकडाची, पण चॅसी आणि चाकांचा सांगाडा १९४२-४३ सालचा. ऐंशी वर्षे! आपल्याकडे बैलगाडीचा कणाही एवढा टिकत नाही.

विलायतेत अशा गाड्या जपणाऱ्यांच्या संस्था आहेत. लोक वर्गणी काढतात, मेळे भरवतात, एकेका गाडीचा नंबर वहीत टिपतात. आपल्याकडे नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. पण ज्या ट्रकने रणगाड्याचे तेल आणि जवानांचे जेवण वाहिले, त्याच्याकडे कोण पाहतो?

कायद्यानेही त्याला वाऱ्यावर सोडले आहे. जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देणारा नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केला. पन्नास वर्षांवरील गाडीला नंबरात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात. पण हा नियम दुचाकींना आणि खासगी मोटारींनाच आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. उलट १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील अवजड मालवाहू गाडीच्या फिटनेसचे शुल्क १२,५०० रुपये झाले, आणि पुढे ते आणखी वाढले. म्हणजे शेठजींची जुनी मोटार वारसा ठरते आणि फौजीची शक्तिमान भंगार! धूर ओकणारी जुनी वाहने रस्त्यावरून जावीत, हे मलाही पटते. पण वर्षातून दोनदा बाहेर निघेल अशी गाडी जपायची असेल तर तिच्यासाठी एखादा रकाना नको काय?

खरी अडचण सुट्या भागांची. मागचे पाटे, ब्रेकचे सामान कसेही जमवता येते. पुढच्या धुरीचा सांधा मात्र मिळत नाही. फौजीसाहेबांचे मिस्त्री सत्तरीला टेकले आहेत. चाक जॅकवर चढवून ते म्हणाले, “हा जॉइंट गेला तर दुसरी शक्तिमान कापल्याबिगर मिळायचा न्हाई. एक जगवायला एक मारावी लागती. पोराला शिकवू म्हटलं, तर तो म्हणतो आबा, मी मोबाइलचं दुकान टाकतो.”

कोणाच्या शेतात, गोठ्यामागे अशी गाडी उभी असेल तर चार गोष्टी कराव्यात. केबिनमधली पितळी किंवा पत्र्याची पाटी काढू नये. चॅसी नंबर त्यावर असतो आणि गाडीची जन्मपत्रिका तीच. लिलावाचा कागद जपून ठेवावा. खाली ठोकळे लावून टायरवरचा भार काढावा. वर निदान पत्रे टाकावेत, आणि उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून आत धान्याची पोती ठेवू नयेत. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करावे. आणि रंगवण्याआधी खालचा बाण, आकडे यांचा फोटो काढून ठेवावा. एकदा घासले की गेले.

करंजीची ही गाडी अजून सुरू होते. मी होतो तेव्हा दुसऱ्या सेल्फला इंजिनने पेट घेतला, काळ्या धुराचा एक लोट निघाला आणि बाभळीवरचे पक्षी उडाले. फौजीसाहेब उतरले नाहीत, केबिनमध्येच बसून राहिले. भंगारवाला किलोच्या भावाने दोनदा आकडा सांगून गेला आहे. त्याला त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे. तोवर शेवगावच्या बाजूला एका विहिरीजवळ कापून ठेवलेल्या शक्तिमानची पुढची धुरी शिल्लक आहे का, हे पाहायला मिस्त्री जाणार आहेत.