जलाशयाकाठचे वार्धक्य

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा तालुक्यातील नदीकाठची कित्येक गावे यशवंतसागर जलाशयात बुडाली. तेव्हा ऐन तारुण्यात असलेल्या माणसांनी आज सत्तरी ओलांडली आहे. आपल्या घरी असे कोणी ज्येष्ठ असतील, तर औषधांच्या वेळांइतकेच त्यांच्या ऋतूंचे आणि सणांचे वेळापत्रकही सांभाळा.

उन्हाळ्यात धरणाची पातळी उण्यात जाते. पैलतीरी इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते. ओसरलेल्या पाण्यात जुन्या घरांची जोतीही दिसू लागतात. अशा वेळी ‘मला माझे गाव पाहायचे आहे’ असे ज्येष्ठ म्हणाले, तर तो हट्ट समजू नका. सकाळी लवकर, पाण्याची बाटली व छत्री घेऊन त्यांना काठावर न्या. गाळात मात्र उतरू देऊ नका. ते बोलतील ते ऐका, नातवंडांनाही ऐकू द्या. डोळे पाणावले तर लगेच विषय बदलू नका. मात्र उदासी, अन्नावरची वासना उडणे वा झोप न लागणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

होडीने जायचे असल्यास प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवेच. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी प्रवासात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. आभाळ भरून आले असेल, तर प्रवास पुढे ढकलावा.

पुढे संत निवृत्तिनाथांची पालखी करमाळ्यावरून पंढरपूरकडे जाते. चालणे शक्य नसलेल्या आजोबांना मांडवात खुर्ची द्या आणि वारकऱ्यांना प्रसाद देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. आपला उपयोग आहे, ही जाणीव वार्धक्यात मोठा आधार ठरते. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळून घ्या. डास होऊ नयेत म्हणून साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करा.

नवरात्रात कमलादेवीच्या दर्शनाची ओढ असते. तेथील विहिरीला शहाण्णव पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असल्यास देवीचे दर्शन पुरे, विहिरीत उतरण्याचा आग्रह नको. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू नये. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असल्यास तत्काळ साखरपाणी द्यावे. श्रद्धा कमी होत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच त्यांना समजावले तर अधिक पटते.

हिवाळ्यात जलाशयावर रोहित पक्षी उतरतात, शेतात हुरड्याच्या आगट्या पेटतात. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी पहाटेच्या गारठ्यात फिरण्याऐवजी ऊन पडल्यावर, कानटोपी घालून काठावर जावे. दम्याच्या रुग्णांना आगटीच्या धुरापासून दूर बसवावे. संक्रांतीचा तिळगूळ अगदी थोडा असावा. पण तो ज्येष्ठांच्या हातूनच वाटला जावा.

दरवर्षी पाणी ओसरते आणि पुन्हा भरते. पुढच्या उन्हाळ्यात जोती उघडी पडतील, तेव्हा कोणते घर कुणाचे होते हे सांगणारे माणूस आपल्या शेजारी असावे, यासाठीच ही वर्षभराची काळजी.