लहरीपुऱ्याच्या आसपासची ‘गुप्त’ पानं

दिवाळीच्या खरेदीला लहरीपुऱ्यात गेलात, की वर मान करून दरवाजा बघायला कुणाला सवड असते? न्यायमंदिराच्या बाजूनं दरवाज्यात शिरायचं, मांडवीच्या दिशेनं गर्दीतून वाट काढायची आणि पिशव्या सांभाळत परत फिरायचं. आपल्यापैकी बहुतेकांचं लहरीपुरा एवढंच. पण याच परिसरातल्या माणसांवर एके काळी इंग्रज सरकारच्या गुप्त खात्याची बारीक नजर होती. ते काय खातात-पितात, कुणाची पत्रं येतात, कुणाच्या घरी कोण उतरतं, याच्या नोंदी दिल्ली-सिमल्यापासून लंडनपर्यंत जात होत्या. त्यातल्या बऱ्याच फायलींवरचा ‘गुप्त’ हा शिक्का आता उतरला आहे.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण बडोद्याबद्दल या कागदांतून जे बाहेर आलं आहे ते वाचत गेलो, तेव्हा वाटलं की आपल्या मुलामुलींना हे माहीत असायला हवं. गुप्तहेरांच्या मालिका आपण रात्री जागून बघतो आणि आपल्या गावातली खरी गोष्ट मात्र राहून जाते.

सरबताचा पेला

सुरुवात होते ९ नोव्हेंबर १८७४ या दिवशी. तेव्हा गादीवर मल्हारराव गायकवाड होते आणि कॅम्पातल्या रेसिडेन्सीत कर्नल रॉबर्ट फेअर हा इंग्रज रेसिडेंट होता. दोघांचं अजिबात पटत नव्हतं. सकाळी फिरून आल्यावर फेअरनं नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत तोंडाला लावलं, चव विचित्र लागली म्हणून ओतून दिलं आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचं सांगण्यात आलं.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन तपासाला आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी, जमादार नरसू आणि महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांच्याकडून कबुलीजबाब मिळवले गेले. जानेवारी १८७५ मध्ये एका राज्यकर्त्या महाराजांनाच अटक झाली.

पुढे सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूनं विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नावाजलेले वकील आले. त्यांनी पोलिसांच्या तपासाचे धागे एकेक करून उसवले. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. पण तो पट्टा तेव्हा दुसऱ्याच शिपायाच्या अंगावर होता आणि पुडी काढली ती पोलिसांच्याच माणसानं. पुडी तिथे होतीच, की नंतर आली, असा बॅलंटाइन यांचा रोख होता.

निकाल फुटला. तीन इंग्रजांनी गुन्हा सिद्ध धरला, तीन हिंदी सदस्यांनी धरला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केलंच. कारण मात्र बदललं: विषप्रयोग नव्हे, तर गैरकारभार. त्यांना मद्रासला पाठवलं गेलं आणि १८८२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं कुणी म्हणणार नाही. दादाभाई नवरोजीही काही काळ त्यांचे दिवाण होते आणि कंटाळून गेले. पण कारभार वाईट होता म्हणून विषाचा आरोप आपोआप खरा ठरत नाही. सरकारला जो शेवट हवा होता तो मिळाला, फक्त दारातून नाही तर खिडकीतून.

मे १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला गेला. तोच आपला सयाजीराव.

दांडिया बाजारातले पाहुणे

आता पुढच्या पिढीत येऊ. लहरीपुऱ्याहून सूरसागर ओलांडला की दांडिया बाजार. तिथला अरविंद आश्रम सगळ्यांना ठाऊक आहे. ती मूळची खासेराव जाधवांची जागा. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोद्याच्या नोकरीत होते. केंब्रिजचे त्यांचे मित्र केशवराव देशपांडे, खासेराव आणि त्यांचे बंधू माधवराव ही त्यांची इथली मराठी मित्रमंडळी. जतींद्रनाथ बॅनर्जी नावाच्या तरुणाला बंगाली असल्याचं लपवून बडोद्याच्या फौजेत भरती करण्यात आलं. लष्करी शिक्षण घेऊन तो कलकत्त्याला गेला आणि तिथल्या गुप्त मंडळींच्या कामाला लागला.

सरकारही हात बांधून बसलेलं नव्हतं. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात केंद्रीय गुप्तवार्ता खातं उभं राहिलं. संस्थानांची एक अडचण होती: तिथे इंग्रजांचे पोलीस उघडपणे धाड घालू शकत नव्हते. मग काम चालायचं ते खबरे, टपालावरची नजर आणि रेसिडेंटचा ‘मित्रत्वाचा सल्ला’ यांच्यामार्फत. या सल्ल्याला नाही म्हणणं किती महाग पडतं, हे मल्हाररावांच्या उदाहरणावरून सगळे शिकले होते.

हा संशय अगदीच हवेतला नव्हता. मेहसाणा तेव्हा बडोदे राज्यात होतं. तिथल्या नरसिंहभाई पटेलांनी ‘वनस्पतिनी दवाओ’ नावाचं गुजराती पुस्तक काढलं. नाव झाडपाल्याच्या औषधांचं आणि आत बाँब बनवण्याची कृती!

पण संशयाची जीभ लांब असते. गंगनाथ विद्यालय ही बडोद्यातली राष्ट्रीय शिक्षण देणारी शाळा. काका कालेलकर तिचे आचार्य होते. शिक्षकांना ‘सर’ म्हणायचं नाही, घरच्यासारखी हाक मारायची, ही तिथली पद्धत. म्हणून दत्तात्रेय कालेलकर ‘काका’ झाले आणि विठ्ठल फडके ‘मामा’. ही शाळा सरकारच्या डोळ्यांत खुपली आणि बंद झाली. त्यातून एक मराठी माणूस पुढे गांधीजींकडे गेला आणि गुजरातीतला मोठा लेखक झाला, ही मात्र कुठल्याही हेराच्या कल्पनेबाहेरची गोष्ट.

महाराजांची पाठ

१२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सयाजीराव साध्या वेशात, हातात काठी घेऊन पुढे आले, पंचम जॉर्ज यांच्यापुढे एकदाच लवले आणि वळून चालू लागले. इतरांसारखं पाठ न दाखवता मागे सरकणं त्यांनी केलं नाही. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. त्या प्रसंगाची फिल्म लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवली गेली. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे दिलगिरीचं पत्र पाठवावं लागलं.

नुसत्या एका मुजऱ्यावरून इतकं रामायण का? फायली उघडल्यावर उत्तर मिळतं. ठिणगी दरबारात पडली, पण दारू आधीपासून साठत होती. महाराज परदेशात असताना त्यांच्यावर पाळत होती. मादाम कामांसारख्या क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध असल्याचे अहवाल येत होते. राज्यातले संशयित अधिकारी, शाळा आणि छापखाने यांची टिपणं जमली होती. दरबारातली पाठ बघून सरकारला वाटलं, आपल्याला माहीतच होतं!

याच ठिकाणी मला थांबावंसं वाटतं. हेराला पगार मिळतो तो बातमीचा. ‘काही घडलं नाही’ असं लिहून पाठवणारा खबऱ्या फार दिवस टिकत नाही. त्यामुळे फायलीत कुणाचं नाव आहे, एवढ्यानं तो माणूस कटात होता असं होत नाही; आणि नाव नाही, म्हणून तो निर्दोष किंवा घाबरट होता असंही नाही. सयाजीराव आतून क्रांतिकारकांचे होते की केवळ स्वाभिमानी राजे होते, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. फायलींमधून खात्रीनं कळतं ते एवढंच, की सरकार त्यांना घाबरत होतं.

आणि फायलीत न दिसणारं किती असतं! १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाचं काम सुरू झालं. हेर ज्या वर्षांत राजद्रोह शोधत होते, त्याच वर्षांत इथे मुली शाळेत जात होत्या. फक्त संशयाची फाईल वाचली, तर बडोदं म्हणजे कटांचं गाव वाटेल.

जळलेले कागद, उघडलेले कागद

सगळेच कागद आपल्यापर्यंत आले नाहीत. १९४७ मध्ये संस्थानांचा कारभार पाहणाऱ्या राजकीय खात्यानं सर कॉनराड कॉरफील्ड यांच्या हुकमानं राजेरजवाड्यांविषयीच्या गोपनीय कागदांची होळी केली. हा ढीग चार टनांचा होता असं सांगतात. नेहरूंनी त्याला जोरदार हरकत घेतली. राजांच्या भानगडी झाकल्या जाव्यात म्हणून हे केलं, असं म्हणतात. पण त्याबरोबर सरकारच्या स्वतःच्या किती भानगडी झाकल्या गेल्या, ते आता कुणाला कळणार?

जे वाचलं ते तीन ठिकाणी सापडतं. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. परदेशातल्या हिंदी लोकांवर पाळत ठेवणाऱ्या कचेरीच्या फायली तर १९९० च्या दशकात खुल्या झाल्या. आणि तिसरं ठिकाण आपल्याच शहरात, वडोदऱ्याच्या अभिलेखागारात. तिथे राज्याची बाजू आहे, हुजूर कचेरीतली. यातला बराचसा मजकूर मोडीत आहे. मोडी वाचणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

हा विषय केवळ इंग्रजांचा नाही. आपल्या सरकारच्याही कपाटांत फायली आहेत. नेताजींच्या फायली २०१५-१६ मध्ये खुल्या झाल्या, तेव्हा स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं त्यांच्या कुटुंबीयांवर पाळत होती, हे देशाला कळलं. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा जुने सरकारी कागद जपायला सांगतो. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे, पण त्यातून गुप्तवार्ता विभागासारख्या संस्था जवळजवळ वगळलेल्या आहेत. देशाच्या सुरक्षेसाठी काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हे मान्य. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचं सरबत आज कुणाच्या सुरक्षेला धोका देतं? गुप्ततेलाही मुदत हवी.

आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा सरकारवाड्यात, फौजेत, शाळाखात्यात किंवा छापखान्यात नोकरीला होते. घरात ट्रंकेच्या तळाशी जुनी पत्रं, नेमणुकीचे हुकूम, मोडीतल्या चिठ्ठ्या असतील तर रद्दीत देऊ नका. त्यांचे फोटो काढून ठेवा, तारीख आणि नाव लिहून ठेवा. आजी-आजोबांना विचारा, ‘त्या काळी घरात कशाबद्दल बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं?’ सरकारनं आपल्या लोकांबद्दल काय लिहिलं, ते आता वाचायला मिळतं. आपल्या लोकांनी स्वतःबद्दल काय लिहिलं, ते मात्र आपणच जपलं तरच कुणाला वाचायला मिळेल. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच गुन्हेगार किंवा देशभक्त ठरवू नये, एवढं तरी सरबताच्या त्या पेल्यानं आपल्याला शिकवलं आहे.