पाच मिली म्हणजे किती?

मूलबाळ असलेल्या घरात तापाची बाटली नाही, असे सहसा होत नाही. कपाटात, फ्रिजच्या दारात, नाहीतर दादीच्या पानदानाशेजारी पॅरासिटामॉल असतेच. मुलांच्या औषधोपचारातल्या चुकांचा विषय निघाला की लोक मोठ्या इस्पितळांविषयी बोलू लागतात. आम्हाला मात्र या बाटलीपासून सुरुवात करावीशी वाटते.

बाटल्या दिसायला सारख्याच, पण आतल्या औषधाचा जोर वेगवेगळा. तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये सहसा एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपच्या पाच मिलीत 120 किंवा 125, तर जोरकस सिरपच्या पाच मिलीत 250. सिरपच्या सवयीने कुणी पाच मिली ड्रॉप्स पाजले तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम गेले, म्हणजे साध्या सिरपच्या चौपट! दहा किलोच्या मुलाला एका वेळी 100 ते 150 मिलिग्रॅम पुरते. असे जादा डोस पुन्हा पुन्हा गेले तर यकृताला इजा होते आणि सुरुवातीला ती कळतही नाही. म्हणून डॉक्टर ‘पाच मिली’ म्हणाले की कोणत्या बाटलीतले, हे तिथेच विचारावे. डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो. मुलाचे ताजे वजन लसीच्या कार्डावर लिहून ठेवावे. आणि घरातला चमचा नकोच. प्रत्येक घरच्या चमच्याचे माप निराळे. बाटलीसोबतचे मापाचे झाकण किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी.

आपल्या भरल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. रात्री तीन वाजता अम्मीने औषध पाजलेले असते. फजरला उठलेली दादी पोराचे कपाळ तापलेले पाहते आणि मायेने पुन्हा पाजते. दोन डोसांत किमान चार ते सहा तास हवेत आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त नकोत. शिवाय सर्दीच्या कितीतरी औषधांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. फ्रिजवर एक कागद चिकटवून त्यावर वेळ आणि पाजणाऱ्याचे नाव लिहिले, तर घरात वादही होत नाहीत.

दवाखान्यातले चित्र आम्हाला जास्त खटकते. मूल आईच्या मांडीवर, पण बोलतो काका किंवा मामा. कितीदा उलटी झाली, कोणत्या गोळीने अंगावर चट्टे उठले होते, हे सगळे आईला ठाऊक. आणि तीच नकाबाआड गप्प. मराठी येत नसेल तर तिने आपल्या बोलीत बोलावे, पण बोलावे. हे औषध कशासाठी, किती दिवस, हे विचारण्यात बेअदबी कसली? चांगला डॉक्टर रागावत नाही.

दुआ आणि दम करावा, त्यासोबत इलाजही करावा. तवक्कुलच्या आधी उंट बांधायचा असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र चाटवू नये, खोकल्यालाही नाही. मधातल्या काही जंतूंचे विष तान्ह्यांना सोसत नाही. तहनीकसाठी खजूर आहेच.

आता खोकल्याच्या औषधाविषयी. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कफ सिरप प्यायलेली वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन निघाले. ते मूत्रपिंडे निकामी करते. बाटलीतली असली भेसळ कोणत्याच आईबापाला ओळखता येणार नाही, ती जबाबदारी सरकारची आणि कारखानदाराची. आपल्या हातात एवढेच, की लहान मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून सिरप आणू नये, शेजारच्या मुलाचे उरलेलेही पाजू नये. डॉक्टरांनी दिलेच तर पक्की पावती घ्यावी. औषध सुरू झाल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या लागल्या किंवा ते सुस्त पडले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. जाताना उरलेली बाटली पिशवीत घालून सोबत न्यावी, धुऊन टाकू नये. बॅच नंबर तिच्यावरच असतो.