न्यायाधीशांनी काय गृहीत धरलं?

न्यायाधीशाच्या खुर्चीत बसताना माणूस आपला देव कोर्टाबाहेर ठेवून येतो का? गर्भपाताचा खटला निघाला की हा प्रश्न हमखास येतो. चला, आपल्या इंजिनिअरिंगच्या पद्धतीने सोडवून पाहू.

आधी अमेरिका, कारण तिथे हा आरोप उघडपणे होतो. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने मिळालेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी काढून घेतला. तो काढणारे बहुतेक न्यायाधीश कॅथलिक, आणि कॅथलिक चर्चचा गर्भपाताला विरोध. झालं की सिद्ध! पण थांबा. त्याच कोर्टातल्या सोनिया सोटोमेयर याही कॅथलिक घरातल्या, त्यांनी विरुद्ध मत दिलं. आणि १९७३ मध्ये हक्क देणाऱ्यांत विल्यम ब्रेनन होते, तेही कॅथलिकच! म्हणजे धर्म कळला की निकाल कळतो, हे समीकरण काही जुळत नाही.

शिवाय श्रद्धा असणं हा गुन्हा नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर या अमेरिकन बाई संततिनियमनाची बाजू मांडायला आपल्या वर्ध्यात गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनं नाकारली, ब्रह्मचर्याचा आग्रह धरला. ज्याला पटलं त्याने घेतलं, नाही पटलं त्याने सोडलं. न्यायाधीशाच्या बाबतीत मात्र ही सोय नसते. त्याचं मत समोरच्या बाईला पाळावंच लागतं.

आता आपला कायदा. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात कुठल्याही धर्माचा आधार घेतलेला नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर मर्यादा अशी: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, काही ठरावीक स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर मर्यादाच नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई असलेली २७ वर्षांची विवाहिता सर्वोच्च न्यायालयात आली. अंगावर पाजत असताना पाळी आलेली नव्हती, म्हणून दिवस गेल्याचं उशिरा कळलं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधं चालू होती. ९ तारखेला परवानगी मिळाली. मग एम्सच्या डॉक्टरांनी कळवलं की गर्भ जगू शकेल असा आहे. ११ तारखेला त्याच दोन न्यायाधीशांत फूट पडली. न्या. हिमा कोहली म्हणाल्या, न्यायालयीन सदसद्विवेक परवानगी देत नाही. न्या. बी. व्ही. नागरत्ना म्हणाल्या, त्या बाईच्या निर्णयाचा मान राखला पाहिजे. कायदा तोच, कागद तेच, उत्तरं दोन!

यामागे धर्म होता असं मी म्हणत नाही. मनातलं मोजायचं मीटर अजून निघालेलं नाही. पण श्रद्धा कोर्टात शिरते तेव्हा पोथी घेऊन येत नाही, ती 'सदसद्विवेक' या शब्दाच्या आडून येऊ शकते. आणि तिथे तपासायला काहीच हाती लागत नाही.

१६ तारखेला तीन न्यायाधीशांनी शेवटी नकार दिला, पण कारणं कायद्यातली दिली: २४ आठवडे उलटलेत, जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात व्यंग नाही. हा निकाल मला कठोर वाटतो, पण त्यावर वाद तरी घालता येतो. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकेता मेहतांना असाच कायद्यावर बोट ठेवून नकार दिला होता. तेव्हा कायदाच तोकडा आहे हे सगळ्यांना दिसलं, चर्चा पेटली, आणि उशिरा का होईना २०२१ मध्ये मर्यादा वाढली.

आपल्या पेपरवर काय छापलेलं असतं? 'अझ्यूम सुटेबल डेटा'. पण काय गृहीत धरलं ते लिहावं लागतं, नाहीतर सर मार्क कापतात. न्यायाधीशांकडून एवढीच अपेक्षा आहे. गर्भाला हक्क केव्हापासून, हे गृहीतक उघड लिहा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते लिहिलं होतं: मानवी हक्क जन्मापासून लागू होतात. पटो न पटो, कागदावर तर आहे!

वर्धा जिल्ह्यातल्या बाईला मंडळाने नकार दिला की नागपूर खंडपीठाचा रस्ता धरावा लागतो. तिथे केस कोणापुढे लागेल हे तिच्या हातात नसतं. तारीख पुढे ढकलता येते, पोटातले आठवडे ढकलता येत नाहीत. निदान नकाराचं कारण तरी तिला वाचता आलं पाहिजे.