बॉल पायथनचं पिल्लू खात नाहीये?

परदेशात बॉल पायथन पाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी! हा आफ्रिकन अजगर उपासाला पक्का. नवं पिल्लू आणलं की पहिला आठवडा त्याला हात लावू नका.

🐍 लपायला अंगासरशी जागा, उबदार कोपरा ३१-३२ अंश सेल्सिअस.
🐍 उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढाच.
🐍 गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात उबदार करा. मायक्रोवेव्ह नको! ओठांवरच्या खळग्यांनी सापाला उष्णता जाणवते. गार उंदराला तो सहसा तोंड लावत नाही.
🐍 अंधार पडल्यावर लांब चिमट्याने द्या.

नाही खाल्लं? आठवड्याने पुन्हा. वजन घटतंय? थेट पशुवैद्याकडे.

आणि भारतात देशी साप पाळायचा विचारही नको: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.